साडेतीन नंबरचं ब्रेक ऑइल

१ ऑगस्ट

गाडी आली. लाल. दोन दारं, दोन सीट, छप्पर मागे सरकतं. सेकंडहँड आहे, पण तसं म्हणायचं नाही. एकाने वापरलेली आणि जाणकाराने निवडलेली.

मूळ मालक तरुण पोरगा. नोकरीसाठी परदेशी निघालाय. चावी देताना त्याचे डोळे भरून आले. माझे कोरडे. व्यवहार पुरा होईपर्यंत डोळे कोरडे ठेवायचे, ही धंद्यातली पहिली शिस्त. जाता जाता त्याने डिकीतून ब्रेक ऑइलचा अर्धा डबा काढला. म्हणाला, काका, हा फेकून द्या, उघडून फार दिवस झालेत. मी म्हटलं, आण इकडे. फेकून द्या म्हणे. म्हणूनच गाडी विकायची पाळी आली.

ही खाली पार्किंगमध्ये बघायला आली. गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, मागे बसायचं कुठे? म्हटलं, मागे बसायचंच नसतं, स्पोर्ट्स कार आहे. म्हणाली, म्हणजे भांडण झालं तरी शेजारीच? मुलगी म्हणाली, बाबा, तुमचं वय काय, गाडीचा रंग काय. दोघींना आतून आनंद झालाय. असं मला ऐकू येतं.

संकल्प: या गाडीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही.

२ ऑगस्ट

पस्तीस वर्षं लोकांच्या डोक्यावरचं पाणी अडवून पोट भरतोय. वॉटरप्रूफिंग. सुरुवातीला एक ब्रश आणि एक बादली होती, आता टेम्पो आहेत, माणसं आहेत. शिक्षण बेताचं, पण कान अस्सल. स्लॅबवर नाण्याने टकटक केली की आत कुठे पोकळ आहे, कुठे पाणी दडून बसलंय, ते मला कळतं. इंजिनिअर लोक यंत्र लावतात. मी कान लावतो. बिल सारखंच होतं.

आज गाडीला कान लावला. इंजिन ठणठणीत. गिअर गोड. ब्रेकचा काहीच आवाज नाही. ज्याचा आवाज नाही, त्यात दोष नाही. पेडल जरा खोल जातं, एवढंच. एखाद्याचा स्वभाव खोल असतो.

५ ऑगस्ट

१४ सप्टेंबरला लग्नाला तीस वर्षं होतात. ठरलं. हिला शेजारी बसवून डोंगरावरच्या हॉटेलात जेवायला न्यायचं. छप्पर उघडं. ऊन उतरलं की हळूहळू खाली.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, त्या रस्त्याला वळणं किती आहेत माहितेय ना? म्हटलं, ही गाडी वळणांसाठीच बनवलेली आहे. म्हणाली, मी नाही ना बनवलेली. मग अट घातली. आधी गॅरेजमध्ये नेऊन ब्रेकचं काय ते करून घ्या. ज्याचं काम त्याच्याकडून. तुमच्या हाताने नको आणि तुमच्या कानाने तर नकोच. ते झालं की बसते.

तीस वर्षांत हिने घातलेली ही दुसरी अट. पहिली सिगारेटची. ती मी पाळली. घरात ओढत नाही.

७ ऑगस्ट

गॅरेजमध्ये जाऊन आलो. जाऊन येणं म्हणजे अट निम्मी पूर्ण.

कसलं गॅरेज! काचेची खोली, माशांची पेटी, कॉफीचं मशीन. मालक हातात निळे मोजे घालतो आणि गाडीला पेशंट म्हणतो. मी त्याचं नाव सर्जन ठेवलं. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण काढलं, आत एक पेन बुडवलं. पेनावर लाल दिवा लागला. सर्जन म्हणाला, सर, यात पाणी आहे.

पाणी! माझ्या गाडीत! पस्तीस वर्षं मी पाण्याला घराबाहेर उभं करून जगतोय आणि हा मला पेन दाखवतो. म्हटलं, शिरलं कुठून? झाकण घट्ट आहे, नळी घट्ट आहे, थेंब कुठे गळत नाही. म्हणाला, गळायला लागत नाही सर. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. हळूहळू. म्हटलं, ऑइल पाणी पितं? म्हणाला, हो सर, त्याला तहान असते. उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि पेडल दाबलं की वाफच दाबली जाते. म्हटलं, आवाज काय येतो? म्हणाला, आवाज येत नाही सर. पेडल नुसतं खाली जातं.

मी कॉफी प्यालो. मशीनची होती, पण वाईट नव्हती. म्हटलं, विचार करून सांगतो. तो म्हणाला, सर, विचार सपाट रस्त्यावर करा.

गाडी घेऊन घरी आलो. झाकणाभोवती स्वतः बोट फिरवलं. कोरडं. पेन बिघडलेलं आहे.

९ ऑगस्ट

तरीही ऑइल बदलायचं ठरवलं. पाण्यासाठी नव्हे. जुनं झालं म्हणून.

स्पेअर पार्टच्या दुकानात म्हटलं, स्पोर्ट्स कारला सगळ्यात भारी ब्रेक ऑइल द्या. दुकानदार म्हणाला, डॉट कितीचं? म्हटलं, कितीपर्यंत येतं? म्हणाला, तीन, चार, पाच आणि पाच पूर्णांक एक. म्हटलं, पाच द्या. म्हणाला, पाच नका टाकू, ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या गाडीतल्याशी जमणार नाही. सिलिकॉन! माझा अर्धा बंगला सिलिकॉनवर उभा राहिला असता, बंगला घेतला असता तर. म्हटलं, मग पाच पूर्णांक एक तर मुळीच नको. म्हणाला, नाही, ते चालेल. म्हटलं, चार चालतं, पाच चालत नाही, पाचच्या पुढचं पुन्हा चालतं. हा नंबर आहे की बिघडलेली लिफ्ट?

मागचं गिऱ्हाईक हसलं. दुकानदार हसला नाही. म्हणाला, काका, गाडीच्या झाकणावर काय लिहिलंय ते बघून या. जाऊन बघितलं. चार. म्हणाला, मग चार घ्या. पण चार संपलंय, उद्या येईल. आज तीन आहे, स्वस्त आहे, पण तुमच्या गाडीला...

पुढचं ऐकलं नाही. कान तीक्ष्ण असला की काय ऐकायचं नाही हेही कळतं. तीन घेतलं. त्या पोराचा अर्धा डबा कितीचा आहे? चारचा. जमलं.

११ ऑगस्ट

पोराचा डबा गोडाऊनमध्ये ठेवला होता. तिथे बारा महिने ओल असते. वॉटरप्रूफिंगवाल्याच्या गोडाऊनला ओल आणि शिंप्याच्या अंगावर उसवलेला सदरा, चालायचंच. डब्याचं झाकण जरा सैल होतं. वास घेतला. वास येत नाही. उत्तम.

गोडाऊनमध्ये आमचा एक निळा ड्रम आहे. दिवसभरात जे उरतं ते त्यात. या कंपनीचं थोडं, त्या कंपनीचं थोडं, डब्याच्या तळाशी राहिलेलं सगळं. माणसांनी त्याचं नाव ठेवलंय एकोपा. जिथे कुणी चढून बघणार नाही तिथे एकोपा लावायचा. इतक्या वर्षांत एकही भिंत तक्रार घेऊन आली नाही.

तोच नियम इथे. चार नंबरचं जुनं, तीन नंबरचं नवं. दोन्ही एका कॅनमध्ये घालून हलवलं. सरासरी साडेतीन. कंपन्या साडेतीन काढत नाहीत, कारण मग दोन्ही विकले जाणार नाहीत. असल्या गोष्टी शाळेत शिकवत नाहीत.

१६ ऑगस्ट, रविवार

आज पार्किंगमध्ये ऑइल बदललं. हे काम एकट्याचं नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळची छोटी तोटी, म्हणजे निपल, सोडून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची, मग निपल बंद, मग पेडल सोडायचं. याला एअर काढणं म्हणतात. मुलीला आत बसवलं. ही दुपारची झोपली होती. मुद्दामच ती वेळ निवडली.

मी ओरडायचं, दाब. तिने म्हणायचं, दाबलं. मी म्हणायचं, सोड. असं चारी चाकं. मधल्या वेळात कार्टीने डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. बाबा, यात लिहिलंय, उघडलेल्या डब्यातलं वापरू नका. म्हटलं, दाब. बाबा, यात लिहिलंय, फक्त सीलबंद. म्हटलं, पुस्तक कोणी लिहिलंय? कंपनीने. ऑइल कोण विकतं? कंपनी. दाब. ती म्हणाली, मग ब्रेक कोणी बनवलेत, बाबा? म्हटलं, सोड.

बापाशी वाद घालायला पेडल हातात, म्हणजे पायात, असलं की जोर येतो.

शेवटी पेडल दगडासारखं टणक. खोली गेली. दाबून दाबून पाहिलं मुलीने. म्हणाली, आता बरं लागतंय, पण आईला सांगा काय घातलंय ते. म्हटलं, सांगतो की.

१९ ऑगस्ट

रविवारी भरताना दोन थेंब लाल पत्र्यावर पडले होते. पुसायचे राहिले. आज बघतो तर तिथला रंग फुगून वर आलाय, भाजल्यासारखा. नखाने उचलला तर साल निघाली.

आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं. जे कंपनीचा रंग खातं ते कच्चं असेल का? ऑइलमध्ये दम आहे. चाचणीच झाली म्हणायची, पेनाशिवाय.

साल निघालेल्या जागी लाल नेलपॉलिश लावलं. मुलीचं. शेड जरा गुलाबी आहे. लांबून कळत नाही.

२० ऑगस्ट

रात्रीची जेवणं चालू होती. हिने विचारलं, ब्रेकचं झालं का? म्हटलं, झालं. ही म्हणाली, गॅरेजमध्ये?

मुलीने पाण्याचा ग्लास उचलला आणि तोंडाला लावूनच ठेवला.

म्हटलं, हो.

ही बरं म्हणाली आणि मला आणखी भात वाढला. एवढंच. पुढे एक प्रश्न नाही. तीस वर्षांत हिची ही एक गोष्ट फार चांगली आहे. हो म्हटलं की विषय संपतो.

आता यात खोटं कुठे आहे? ज्या जागी गाडी दुरुस्त होते ती जागा गॅरेज. १६ तारखेला आमचं पार्किंग गॅरेजच होतं. शिवाय मी गॅरेजमध्ये जाऊन आलोच होतो, तिथली कॉफी प्यालो होतो.

२७ ऑगस्ट

ट्रायल. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर एकटाच गेलो. लागोपाठ तीन वेळा वर आणि खाली. जोरात. वळणापर्यंत पळवायची आणि वळणावर दाबून धरायची. मजा! चाळिशी उतरल्यासारखं वाटलं. चाळिशी म्हणजे वय, चष्मा नव्हे. चष्मा होता.

तिसऱ्यांदा खाली आलो तेव्हा चाकांना जळकट वास. आणि पेडल मऊ. कणकेत पाय घातल्यासारखं. शेवटच्या वळणावर दोनदा दाबावं लागलं. गाडी थांबली. थांबली हे महत्त्वाचं, कितव्यांदा हे नाही.

टपरीवर बसून निवांत दोन चहा घेतले. परत येऊन पेडल दाबलं तर पुन्हा दगड. आपोआप बरं झालं. डॉक्टरकडे न जाता बरं व्हायची आमच्या घराण्यात पद्धतच आहे. फक्त वडिलांना जमलं नाही.

निष्कर्ष: गाडी लाजाळू आहे. सवय नव्हती. आता झाली.

३ सप्टेंबर

ही स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. भिंत मध्ये होती. माझ्यासारख्याला भिंत म्हणजे काय!

म्हणत होती, अगं भीती तर वाटतेय, पण हे इतके हरखलेत, लहान मूल बरं. नाही म्हटलं तर तोंड पाडून बसतील. आणि ब्रेकचं काम गॅरेजमध्ये करून आणलंय, मी विचारलं ना. हो म्हणाले. मग म्हटलं जाऊ या. केस उडू नयेत म्हणून स्कार्फ घेतलाय, बघ, तुझ्याकडे होता तसा निळा.

मग बराच वेळ हसत होती. इतकी हसलेली मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

पेपर वाचवेना. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

संकल्प: १४ तारखेच्या आत एकदा सर्जनकडे सहज चक्कर टाकायची. नवीन सीलबंद चार नंबर घालून घ्यायचं. गरज नाही, पण हिच्यासाठी.

८ सप्टेंबर

सर्जनकडे जाणं झालं नाही. हंगाम आहे. सगळीकडे गळतंय. एका डॉक्टरीणबाईंच्या झोपायच्या खोलीत पाणी टपकतंय, त्या फोनवर रडल्या. अशा वेळी स्वतःच्या गाडीचं घेऊन बसणं बरं दिसत नाही.

१० सप्टेंबर

सर्जनकडे गेलो. म्हणजे समोरून गेलो. आत दोन गाड्या उभ्या होत्या. त्याने काचेतून हात केला. मीही केला. आत जावं तर तो पुन्हा पेन काढणार, पुन्हा लाल दिवा, आणि विचारणार, सर, यात काय घातलंत? साडेतीन म्हटल्यावर त्या मोजेवाल्याचं तोंड कसं होईल ते मला इथूनच दिसलं.

ब्रेक उत्तम लागला. गॅरेजसमोर थांबताना जराही कुरकुर नाही.

१२ सप्टेंबर

मुलीने गाठलं. जिन्यात. म्हणाली, बाबा, आईला सांगितलंत का डब्याचं? म्हटलं, सांगतो. म्हणाली, उद्यापर्यंत नाही सांगितलंत तर मी सांगेन. तिच्या वयाचे असताना आम्ही बापासमोर उभेही राहत नव्हतो. बसायला सांगायचे आणि मारायचे.

१३ सप्टेंबर

मुलीने सकाळी विचारलं, झालं का बोलणं? म्हटलं, झालं. झालंच होतं. किती वाजता निघायचं, स्कार्फ कुठला, यावर बोलणं झालं होतं. मुलीने आत डोकावून पाहिलं. ही गुणगुणत साडीला इस्त्री करत होती. मुलीला वाटलं, आईने ऐकून घेतलं आणि माफही केलं. माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, सॉरी बाबा.

गळ्यात पडलेल्या मुलीला बाजूला कसं करणार?

दुपारी पेडल दाबून पाहिलं. दगड. पुन्हा दाबलं. दगड. जाऊन आलो की पहिलं काम सर्जनकडे. पक्कं.

१४ सप्टेंबर, दुपारी दीड

डोंगरावरच्या हॉटेलात. ही हात धुवायला गेलीय तेवढ्यात लिहितोय.

काय प्रवास झाला! चढताना ब्रेक लागतच नाही फारसा. छप्पर उघडं, निळा स्कार्फ फडफडतोय, ही आधी दार घट्ट धरून बसली होती, मग चार वळणांनंतर सोडलं, मग हात बाहेर काढून वारा धरायला लागली. एका वळणावर ओरडली, अहो, जोरात! मला! जोरात म्हणाली!

वर आल्यावर म्हणाली, तुम्ही घेतलीत ते बरं केलंत. मी उगीच घाबरत होते.

तेव्हा सांगायला हवं होतं का? जेवणाआधी कुणाच्या तोंडाची चव घालवू नये.

उतार सुरू होतो तिथली पाटी येताना बघितली. लहान गिअरमध्ये उतरा. ती ट्रकवाल्यांसाठी. एवढी चांगली गाडी लहान गिअरमध्ये रडवत उतरवायची म्हणजे घोड्याला दोरीने धरून चालवण्यासारखं.

ही आली. पुन्हा लिपस्टिक लावून आलीय. हे नवीन आहे.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी

लिहून ठेवलेलं बरं. डोकं शांत आहे.

अर्धा उतार फार छान झाला. ही मुलीच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होती. जळकट वास आला. ही म्हणाली, काही जळतंय का? म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हता.

मग एका वळणाआधी पेडल दाबलं आणि ते खाली गेलं. मऊ नाही, कणीकही नाही. काहीच नाही. पायाखाली पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. पुन्हा दाबलं. पुन्हा. मी कान देऊन ऐकत होतो. काहीतरी वाजेल, कुठेतरी कळेल. कसलाच आवाज नव्हता. नुसता वारा आणि स्कार्फची फडफड.

ही म्हणाली, अहो, ब्रेक दाबा. म्हटलं, दाबलाय. म्हणाली, अहो, दाबा ना. म्हटलं, दाबलाय गं.

दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा आहे, तो तिने दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव लावून ओढला. तिला तो दांडा कशाचा आहे हे माहीत होतं हेच मला माहीत नव्हतं. गाडीचं मागचं अंग सरकलं. मी स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. झाडांचे शेंडे होते. दोन चाकं डोंगराकडच्या गटारात गेली, पत्रा खडकावर घासत गेला आणि गाडी थांबली.

दोघंही धडधाकट. हिच्या कपाळाला एक ओरखडा. स्कार्फ उडून गेला.

तिने हँडब्रेकवरचे हात काढले. मग म्हणाली, गॅरेजमध्ये केलं होतं ना?

तोंडात हो आलं होतं. आलं होतं एवढंच. म्हटलं, नाही. मी केलं.

तिने मान हलवली. दार उघडलं, उतरली, रस्त्याच्या कडेला एका दगडावर जाऊन बसली.

मी बॉनेट उघडून उभा राहिलो. काहीतरी करतोय असं दिसायला हवं. बऱ्याच वेळाने आत बसून पेडल दाबलं. दगड! पुन्हा पूर्वीसारखं टणक! तसा आनंदाने ओरडलो, अगं, बरं झालं बघ, आलं परत, चल बस! ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या साइटवर लोक भेगा पडलेल्या छताकडे बघतात तसं. राग नसतो त्यात. आता याच्याखाली झोपायचं की नाही, एवढंच ठरवत असतात.

टोइंगचा ट्रक आला. गटारातून गाडी काढून वर चढवली. ड्रायव्हर म्हणाला, केबिनमध्ये एकच जागा आहे, दुसऱ्यासाठी मागून वेगळी गाडी मागवतो, तासभर लागेल. ही केबिनमध्ये चढली. मी म्हटलं, मी माझ्या गाडीतच बसतो की. म्हणाला, तसं बसू देत नाहीत. म्हटलं, कोण बघतंय? त्याने हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, बसू द्या, त्यांना तीच आवडते.

तर ट्रकवर गाडी, गाडीत मी, असे उरलेला डोंगर उतरलो. छप्पर उघडंच होतं, बंद होईना. वाटेत मोटारसायकलवाल्या पोरांनी हात केले. मीही केला. प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबत होतो. सवयीने. ट्रक थांबायचा नाही हे माहीत होतं. पण खोटं कशाला लिहू, दोन वळणांवर जमल्यासारखं वाटलं.

केबिनच्या मागच्या काचेतून हिचं डोकं दिसत होतं. ड्रायव्हर काहीतरी बोलत होता आणि ती मान डोलवत ऐकत होती. काच बंद होती. काही ऐकू आलं नाही.

१५ सप्टेंबर, सकाळी

मुलगी बोलत नाही. रात्री एकदाच बोलली. म्हणाली, बाबा, बोलणं झालं म्हणाला होतात. म्हटलं, झालं होतं. मग ती रडली. मी तिच्या गळ्यात पडलो नाही. तिने पडू दिलं नसतं.

ही बहिणीकडे निघाली. आठ दिवसांसाठी. बसने. म्हटलं, रिक्षाने बस स्टँडवर सोडतो. म्हणाली, रिक्षा कुणाची आहे? म्हटलं, रिक्षावाल्याची. म्हणाली, मग मी जाते.

दारात थांबली. म्हणाली, बाथरूममधला गिझर कोणी बसवला? म्हटलं, मी. म्हणाली, गॅसची नळी? म्हटलं, तीही मीच. पण गळत नाही, आवाज आला असता. ती म्हणाली, हो ना.

मुलीला तिने सांगितलं, मी येईपर्यंत गार पाण्याने आंघोळ कर आणि जेवण बाहेरून मागव. मुलगी हो म्हणाली.

मग ही माझ्याकडे वळली. वाटलं, आता रागावेल. एकदा रागावली की बरं असतं, पुढचं सुरू करता येतं. रागावली नाही. म्हणाली, अहो, तुम्ही हो म्हणालात की मी पुढचं कधी विचारलं नाही. सोपं जायचं ते. आता विचारत जाईन.

बॅग स्वतः उचलली. मी हात पुढे केला होता.

सर्जनचा फोन आला. गाडी त्याच्याकडे आहे. म्हणाला, सर, बाटलीतलं काढलं, हे नक्की काय आहे? फोन ठेवला.

बाल्कनीत खुर्ची टाकून, रेलिंगवर पाय ठेवून हे लिहायला बसलो. कोवळं ऊन आहे. खाली ही रिक्षात बसताना दिसली. वर बघेल म्हणून मी वाकून हात केला. तिने वर बघितलं आणि जोरात ओरडली, अहो, मागे व्हा! मला आधी कळेना. मग आठवलं. रेलिंग दोन वर्षांपूर्वी मीच बसवलंय. भक्कम आहे. चौथा मजला.

आता आत येऊन लिहितोय.